गोठलेल्या तळ्यावर चार इंचांचा हिशेब

अॅरिझोना म्हटले की डोळ्यांपुढे वाळवंट, निवडुंग आणि ग्रँड कॅन्यनचे तांबूस कडे येतात. बर्फ येत नाही. पण याच राज्याच्या डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवर, वुड्स कॅन्यन नावाचे तळे आहे. २६ डिसेंबर २०२२ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, या गोठलेल्या तळ्यावर चालत गेलेले तीन भारतीय बर्फ फुटून पाण्यात पडले आणि तिघांचाही मृत्यू झाला. दोन पुरुष, एक महिला. तिघेही फिनिक्सजवळच्या चँडलर शहरात राहणारे. महिलेला लवकर बाहेर काढण्यात आले, पण वाचवता आले नाही. दोन्ही पुरुषांचे मृतदेह दुसऱ्या दिवशी हाती लागले.

आपल्याकडे ही बातमी दोन दिवस चालली आणि ‘दुर्दैवी अपघात’ या शब्दांवर मिटली. दुर्दैव खरेच, पण ते सारे काही दैवाच्या हवाली करण्यासारखे नाही. दिवसा ऊन, रात्री शून्याखाली तापमान आणि तळ्यावर नुकताच धरू लागलेला बर्फ, ही परिस्थिती धोक्याची असते हे थंड प्रदेशातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आपल्याला ते ठाऊक नसते, कारण ठाऊक असण्याचे काही कारणच आपल्या वाट्याला आलेले नाही. कोकणातल्या पोराला भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोणी वहीत लिहून देत नाही. ते त्याच्या अंगात असते. किनाऱ्यावर बुडाल्याच्या बातम्यांत बहुतेकदा बाहेरगावचे पर्यटक असतात ते यामुळेच. मिनेसोटातल्या तळ्याकाठी आपण तसेच बाहेरगावचे पर्यटक असतो, मग तिथे राहून दहा वर्षे का झालेली असेनात.

आज शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो, एडमंटन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशा शहरांत मराठी घरे आहेत, आणि दरवर्षी नवी मुले-मुली शिकायला जात आहेत. जाणाऱ्याच्या सामानाची यादी घराघरांत पाठ झालेली असते. कुकर, गोडा मसाला, मेतकूट, औषधांची पिशवी, थर्मलचे दोन जोड. थंडीबद्दलची आपली तयारी थर्मलपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गोठलेल्या पाण्यावर पाय ठेवायचा की नाही हे कसे ठरवायचे, हे त्या यादीत कुठेही नसते.

त्यात भाषाही आपल्याला मदत करत नाही. गोळेवाल्याने किसलेला तो बर्फ, कारखान्यातून येणारी लादी तोही बर्फ, आणि मनालीला आकाशातून पडतो तोही बर्फच. थंड प्रदेशात आकाशातून पडणारे हिम आणि पाणी गोठून झालेला बर्फ या दोन सर्वस्वी वेगळ्या वस्तू आहेत, आणि तळ्यावरच्या माणसाचा जीव या फरकावर अवलंबून असतो. म्हणून या लेखापुरते तरी पडते ते हिम आणि गोठतो तो बर्फ, असे म्हणू.

तळे गोठते कसे, हे आधी पाहायला हवे. बहुतेक पदार्थ थंड होत जातील तसे जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होऊ लागते. त्यामुळे शरद ऋतूत तळ्याचे वरचे पाणी थंड होऊन खाली बुडत राहते, आणि सगळे तळे ४ अंशांपर्यंत आले की हा खेळ थांबतो. यापुढे थंड होणारे पाणी वरच तरंगते आणि वरूनच गोठते. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ९२ टक्के, म्हणून तो बुडत नाही. खाली ४ अंशांच्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. निसर्गाची ही तऱ्हा नसती तर तळी तळापासून गोठली असती आणि उत्तरेकडच्या तळ्यांत मासे उरले नसते.

एकदा पापुद्रा धरला की बर्फ खालच्या बाजूने वाढतो. पाण्यातली उष्णता बर्फातून वर हवेत निसटते, तेव्हाच खालचा पुढचा थर गोठतो. पहिला इंच भराभर होतो. मग मात्र बर्फ स्वतःच पांघरुणाचे काम करू लागतो आणि पुढचा प्रत्येक इंच आधीच्यापेक्षा सावकाश वाढतो. त्यावर हिम पडले तर आणखी पंचाईत. हिमात हवा कोंडलेली असते, गोधडीतल्या कापसासारखी. हिमाच्या जाड थराखाली बर्फाची वाढ जवळपास थांबते, आणि वरून पाहणाऱ्याला मात्र पांढरेशुभ्र, भरभक्कम मैदान दिसते. आपली नजर इथे हमखास फसते. जास्त पांढरे म्हणजे जास्त गोठलेले, असे आपले मन म्हणते. खरे उलट असते.

बर्फाच्या रंगाचेही तसेच. कारखान्यातली लादी ज्यांनी नीट पाहिली आहे त्यांना आठवेल की तिच्या कडा काचेसारख्या पारदर्शक असतात आणि मध्यभाग पांढुरका असतो. तो पांढुरकेपणा अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा. तळ्यावरही नव्याने धरलेला, निळसर किंवा खालचे काळे पाणी दिसू देणारा पारदर्शक बर्फ सर्वांत मजबूत असतो. हिम भिजून पुन्हा गोठल्याने झालेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचाच धरावा, असे तिथले जाणकार सांगतात. वसंतातला करडा, मेणबत्त्या शेजारी शेजारी उभ्या केल्यासारखा सुटा झालेला बर्फ तर हातभर जाड असला तरी बिनकामाचा. त्याचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटलेले असतात आणि पायाखाली तो एकदम विखुरतो.

आता आकडे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून अधिक तळी आहेत. तिथल्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची मार्गदर्शिका सांगते की पारदर्शक, नवा बर्फ चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटरपेक्षा, कमी असेल तर त्यावर पाऊलही ठेवू नये. चार इंच असेल तर चालता येते. बर्फावरून धावणाऱ्या छोट्या वाहनाला पाच ते सात इंच लागतात, छोट्या मोटारीला नऊ ते दहा. आपल्या मापात सांगायचे तर माणसाला अर्धी वीत आणि मोटारीला वीतभराहून थोडे जास्त. पांढरा बर्फ असेल तर हे सगळे आकडे दुप्पट. आणि एवढे सांगूनही तोच विभाग बजावतो की शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच.

चार इंच आणि दोन इंच यांत फरक दुपटीचा वाटतो, पण तो तसा नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील अभियंते लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरून जाणारी वाहने आणि बर्फ फुटण्याच्या घटना यांचा अभ्यास करून एक साधे सूत्र मांडले होते. बर्फाची वजन पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाईवर येते. काठावर चार इंच आहे म्हणून निर्धास्त चालणारा माणूस पन्नास पावलांवर दोन इंचांवर पोचला, तर त्याच्या पायाखालचा आधार चौपटीने घटलेला असतो, आणि डोळ्यांना काहीही वेगळे दिसलेले नसते.

जाडी अशी जागोजागी का बदलते? ओढा तळ्याला मिळतो तिथे पाणी वाहते राहते. तळाशी झरा असतो. पुलाखाली आणि दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या जागी प्रवाह असतो. लव्हाळी, ओंडके, खडक ऊन शोषून आजूबाजूचा बर्फ पातळ करतात. काही घरमालक धक्क्याभोवती बर्फ धरू नये म्हणून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे यंत्रही बसवतात. म्हणून तिथले अनुभवी मासेमार एकदा मोजून थांबत नाहीत. काठापासून पहारीने बर्फ ठोकत पुढे जातात, गिरमिटाने भोक पाडून पट्टीने जाडी बघतात, आणि दर थोड्या अंतरावर पुन्हा बघतात. काल कोणी गेले होते, समोर कोणाच्या पायांचे ठसे आहेत, पलीकडे कोणी गळ टाकून बसले आहे, यांपैकी काहीही मोजण्याला पर्याय नाही.

आपल्या देशात हे ज्ञान नाही असे नाही. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरचा ‘चादर’ ट्रेक करायला दर जानेवारी-फेब्रुवारीत पुण्या-मुंबईचे ट्रेकर जातात. तिथले झंस्कारी वाटाडे पुढे चालत काठीने बर्फ ठोकतात, आवाज ऐकतात आणि मगच मागच्यांना येऊ देतात. वाहत्या पाण्यावरचा बर्फ तळ्यावरच्या बर्फापेक्षा जास्त लहरी, म्हणून तिथे वाटाड्याचा शब्द शेवटचा असतो. चादर करून आलेल्या मंडळींनी वाटाड्याची ती काठी लक्षात ठेवावी. फोटोंपेक्षा तिचा उपयोग जास्त आहे.

हवामानबदलाने या सगळ्या हिशेबात नवा घोळ घातला आहे. हिवाळे उबदार होत असतील तर बुडण्याचे अपघातही कमी होतील, असे सहज वाटते. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील सपना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमके उलट सांगतो. दहा देशांतल्या, हिवाळ्यात बुडून झालेल्या चार हजारांहून अधिक मृत्यूंची त्यांनी तपासणी केली. हिवाळ्याचे तापमान शून्याच्या जवळ सरकू लागते तसे हे मृत्यू झपाट्याने वाढतात असे त्यांना दिसले. कारण उघड आहे. उणे वीसमध्ये बर्फ भरवशाचा असतो. तापमान शून्याच्या आगेमागे रेंगाळू लागले की बर्फ धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. माणसाची सवय मात्र जुन्याच तारखांना चिकटून राहते. आजोबा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तळ्यावर जात, म्हणून नातूही जातो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांचे शहाणपणही आता पुरेसे राहिलेले नाही. मग नवख्याची काय कथा.

शर्मा यांच्याच गटाने २०१९ मध्ये असा अंदाज मांडला होता की सुमारे १५ हजार तळी आताच अशी आहेत जी एखाद्या हिवाळ्यात गोठतात आणि एखाद्या हिवाळ्यात गोठत नाहीत. पृथ्वी दोन अंशांनी तापली तर ही संख्या ३५ हजारांच्या घरात जाईल. जपानमधील सुवा तळ्याकाठच्या शिंतो मंदिरातले पुजारी १४४३ पासून ते तळे कधी गोठले याची नोंद ठेवत आले आहेत. पूर्वी ते बहुतेक हिवाळ्यांत गोठे. अलीकडच्या दशकांत न गोठण्याचीच वर्षे जास्त. साडेपाचशेहून अधिक वर्षांच्या त्या वह्या कोणत्याही परिषदेच्या ठरावापेक्षा बोलक्या आहेत, पण तो विषय वेगळा.

बर्फ फुटलाच तर काय होते? गोठलेल्या पाण्यात पडलेला माणूस ‘गारठून’ मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. पहिला धोका गारठ्याचा नसतोच. शून्याजवळच्या पाण्याचा त्वचेला स्पर्श होताच माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. हा श्वास रोखणे आपल्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते. त्यानंतर धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात, आणि हृदय आधीच कमकुवत असेल तर ते तिथेच दगा देऊ शकते. पट्टीचे पोहणारे काठापासून दहा हातांवर बुडतात ते यामुळे.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी थंड पाण्याचे मानवी शरीरावर होणारे परिणाम अनेक वर्षे अभ्यासले, त्यासाठी स्वतःही कित्येकदा बर्फाळ पाण्यात उतरले. त्यांनी लोकांच्या लक्षात राहील असा हिशेब सांगितला तो एक-दहा-एक असा. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी. पुढची दहा मिनिटे हातापायांत कामाची ताकद असते. आणि गारठ्याने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. मधल्या दहा मिनिटांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. थंड पाण्यात शरीर हातापायांकडचा रक्तपुरवठा आवळते, स्नायू आणि नसा थंडावतात, बोटे मुठीत काही धरू शकत नाहीत. माणूस शुद्धीवर असतो, पण हात त्याचे राहत नाहीत. म्हणून पहिल्या मिनिटात धडपड न करता केवळ डोके वर ठेवून श्वास शांत होऊ द्यायचा, आणि नंतरच्या मिनिटांत बाहेर पडायचे.

बाहेर पडण्याचीही रीत आहे. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला तोंड वळवायचे, कारण त्या बाजूच्या बर्फाने निदान इथवर आपले वजन पेलले होते. हात आणि कोपरे बर्फावर पसरायचे. पाय खाली लोंबकळत ठेवायचे नाहीत. पोहताना मारतो तसे मागे जोरात मारत अंग आडवे आणायचे आणि सरपटत, पोटावर, वर सरकायचे. काठ मोडला तर पुढे सरकून पुन्हा तेच. वर आल्यावर उठून उभे राहायचे नाही. लोळत किंवा सरपटत भक्कम जागेपर्यंत जायचे, म्हणजे वजन एका ठिकाणी येत नाही. आणि दहा मिनिटांत बाहेर पडता आलेच नाही, तर दोन्ही हात बर्फावर पसरून निश्चल राहायचे. ओल्या बाह्या बर्फाला चिकटून गोठतात आणि शुद्ध हरपली तरी डोके पाण्यावर राहते. हे ऐकायला भयंकर वाटते, पण याने जीव वाचलेले आहेत.

ओल्या बर्फावर हात निसरतात. म्हणून स्वीडन, फिनलंडमध्ये तळ्यावर जाणारा माणूस गळ्यात दोन टोकदार अणकुच्या अडकवून जातो. मोच्याच्या आरीसारखी दिसणारी, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीची ही जोडी दोरीने बांधलेली असते. एकेक हातात धरून बर्फात खुपसायची आणि स्वतःला ओढत बाहेर काढायचे. अमेरिकेत मासेमारीच्या दुकानांत ती दहा-पंधरा डॉलरांत मिळते. एवढ्या पैशांत दुसरी कोणतीही वस्तू इतकी उपयोगाची नसेल.

दुसरा कोणी पडलेला दिसला तर? धावत त्याच्याकडे जाणे ही माणुसकीची पहिली ऊर्मी असते आणि एकाच्या जागी दोन बळी जातात ते याच ऊर्मीने. आधी आपत्कालीन क्रमांक फिरवायचा. अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२. मग काठावरूनच फांदी, दोरी, शिडी, गाडीतली बॅटरीची तार, स्कार्फ, जे लांब असेल ते त्याच्याकडे सरकवायचे, आणि त्याच्याशी बोलत राहायचे: श्वास घे, पाय मार. पाळीव कुत्रा बर्फातून खाली गेला तरी मागे जायचे नाही. असे सांगणे कठोर आहे, पण कुत्र्यामागे जाऊन माणसे मेलेली आहेत.

बाहेर काढलेल्या माणसाला आडवे ठेवायचे, ओले कपडे उतरवायचे, कोरड्या पांघरुणात गुंडाळायचे आणि फार हलवायचे नाही. हातपाय चोळायचे नाहीत. गारठलेले हृदय धसमुसळेपणाने बिघडते. शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय चालेल. ब्रँडी नको. मद्याने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, ऊब आल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता मात्र झपाट्याने बाहेर जाते.

आणि माणूस निपचित, थंडगार, नाडी लागत नाही अशा स्थितीत असला तरी तो गेला असे ठरवायचे नाही. मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ स्कीइंग करताना अॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकली. ८० मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय बंद होते. शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिचे रक्त यंत्रातून फिरवत सावकाश गरम केले. ती वाचली आणि पुढे डॉक्टर म्हणून कामावरही परतली. मेंदू थंडावला की त्याची प्राणवायूची गरज कमालीची घटते, म्हणून हे शक्य झाले. ‘ऊब दिल्यानंतरही जो मृत, तोच मृत’ हा तिकडच्या वैद्यकातला नियम आहे. अर्थात हे अपवादाचे उदाहरण आहे, त्याच्या भरवशावर कोणी तळ्यावर जाऊ नये.

तळ्यावर कधीच न जाणाऱ्यालाही तिथला हिवाळा गाठतोच. वाऱ्यामुळे जाणवणारे तापमान उणे २८ च्या खाली गेले की उघड्या कातडीला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. उणे ४० च्या खाली पाच-दहा मिनिटे पुरतात. जानेवारी २०२२ मध्ये कॅनडा-अमेरिका सीमेजवळ गुजरातमधल्या एका कुटुंबातले चौघे उघड्यावर गोठून मरण पावले, त्यांत दोन लहान मुले होती. बेकायदा सीमा ओलांडण्याचा तो प्रश्न निराळा, पण त्या रात्रीची थंडी काय करू शकते याची कल्पना त्यांना कोणी दिली होती का, हा प्रश्न उरतोच. हिमदंश झालेला भाग हिमाने चोळावा हा सल्ला नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लारे यांच्या काळापासून चालत आलेला आहे आणि तो साफ चूक आहे. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात भाग बुडवणे हा योग्य उपाय, तोही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच.

आपल्या लोकांसाठी याहून जवळचा धोका अंगणातले हिम फावड्याने ओढण्याचा आहे. क्विबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील नोंदी तपासल्यावर असे दिसले की जोरदार हिमवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू वाढतात. २० सेंटीमीटर हिम पडल्यानंतर ही वाढ सुमारे एक तृतीयांश होती. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात हातांचे जड काम आणि श्वास रोखून मारलेले फावडे. भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकार इतरांपेक्षा कमी वयात गाठतो हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या मराठी गृहस्थाने शेजाऱ्याच्या मुलाला चार डॉलर जास्त देऊन ते काम करून घेतले तर त्यात कमीपणा नाही. मुलाकडे राहायला गेलेल्या बाबांनी तर ‘बसून कंटाळा आला’ म्हणून फावडे हातात घेऊच नये.

बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे किंवा हिमात रुतलेल्या गाडीचा मागचा धुराचा नळ मोकळा न करता आत हीटर लावून बसणे, यातून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होते. या वायूला वास नसतो, म्हणून घरात त्याचा गजर बसवलेला हवा. आणि उत्तरेकडे हिवाळ्याचे काही महिने सूर्यकिरण इतके तिरपे असतात की कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयारच होत नाही. सावळ्या कातडीला ते आणखी अवघड. रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी, एवढे पुरे.

पुन्हा बर्फाकडे येऊ. हे ज्ञान शिकवता येते, आणि इतर देश ते शिकवतात. नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचे प्रमाणपत्र मिळवायचे तर अंगावर कपडे घालून पोहावे लागते आणि पाण्याखाली धरलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पार व्हावे लागते. स्वीडनमध्ये हिवाळ्यात पाण्याजवळ ओढवणाऱ्या संकटाला तोंड कसे द्यावे, हा शालेय अभ्यासक्रमाचाच भाग आहे. कित्येक शाळांत मुलांना देखरेखीखाली बर्फातल्या भोकात उतरवून अणकुच्यांनी बाहेर यायला लावतात. आपल्या मुलामुलींना हे शाळेत मिळणार नाही, मिळण्याची अपेक्षाही चुकीची. पण परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या संस्था लाखो रुपये शुल्क घेतात आणि व्हिसाच्या मुलाखतीची तालीम चार-चार वेळा करून घेतात. तिथल्या हिवाळ्यावर त्यांनी एक तास खर्च करणे जड नाही. परदेशातील मराठी मंडळे गणपती, दिवाळी, संक्रांत हौसेने साजरी करतात, नव्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून घेऊन येतात, जेवू घालतात. त्यांच्याकडे तिथे वीस-तीस हिवाळे काढलेली माणसे असतात. ती माणसे आणि हे विद्यार्थी एकत्र बसले, एखाद्या स्थानिक अग्निशमन जवानाला बोलावले, तर अर्ध्या तासाचे काम आहे.

फक्त तो अर्धा तास ऑगस्टमध्ये ठेवू नये. ऑगस्टमध्ये आलेल्या मुलाला घरभाडे, बँक खाते आणि बसचा मार्ग यांपलीकडे काही सुचत नसते. मिनेसोटासारख्या राज्यात तळी साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरमध्ये गोठू लागतात. विद्यापीठांचे सत्र डिसेंबरच्या मध्याला संपते, परीक्षा आटोपतात, मित्रांकडे गाडी असते आणि आठ-दहा दिवस मोकळे असतात. बर्फ सर्वांत पातळ असतो तो याच दिवसांत. तेव्हा दिवाळीचा कार्यक्रम नोव्हेंबरच्या आसपास होतोच. फराळाची ताटे वाढायच्या आधी सगळे एका खोलीत जमलेले असतात, ती वेळ चांगली.